सश्वान सागरवास: काही निरीक्षणे

व्हॅनमध्ये अंथरूण-पांघरूण, शेगडी, पाण्याचे कॅन आणि कुत्रा भरून समुद्रकाठी केलेला जो मुक्काम विश्रांतीसाठी असल्याचे निघण्यापूर्वी चार जणांना सांगितले जाते, त्यास येथे सश्वान सागरवास म्हटले आहे. या प्रथेची वंशावळ क्षुल्लक नाही. फोक्सवॅगनची डबाव्हॅन १९५० मध्ये कारखान्यातून बाहेर पडू लागली आणि वर्षभरातच वेस्टफालिया या जर्मन उत्पादकाने तीत निजण्या-रांधण्याची सोय करून दिली. पुढे १९६० मध्ये अमेरिकन कादंबरीकार जॉन स्टाइनबेक चार्ली नावाचा पूडल कुत्रा बरोबर घेऊन असल्याच फिरत्या घरातून देश पाहावयास निघाला, तेव्हा त्याने गाडीला डॉन किहोटेच्या घोड्याचे, रोसिनान्तेचे, नाव दिले. आपण कोणत्या जातीच्या पराक्रमास हात घालीत आहोत, हे त्याने निघण्यापूर्वीच ओळखले होते. पुण्याहून ताम्हिणीमार्गे कोकणात उतरणाऱ्या गृहस्थास ते घाटात कळते. कारण वळणांनी मळमळण्याच्या बाबतीत कुत्रा आणि मनुष्य यांत फारसा भेद नसला, तरी वेळेवर पिशवी मागण्याची रीत कुत्र्यास ठाऊक नसते.

हरिहरेश्वरापलीकडे बागमांडल्याहून वेसवीस जाण्यासाठी सावित्रीच्या खाडीवर फेरीबोट, म्हणजे माणसांसह मोटारीही पलीकडे नेणारी सपाट बोट, चालते. तीवरील सहप्रवासी कुत्र्याचे नाव, वय, आहार आणि तो चावतो किंवा कसे याची आस्थेने चौकशी करतात. मालक कोठला, हे सहसा कोणी विचारीत नाही, आणि येथून पुढचा सर्व प्रवास याच श्रेणीक्रमाने व्हावयाचा असतो.

मुक्कामाच्या जागेचा प्रश्न मात्र खोल आहे. कोकणात पूर्ण भरतीची वेळ काढण्याचा एक जुना ठोकताळा आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करावी, म्हणजे चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता आणि पौर्णिमेस सव्वाअकराच्या सुमारास भरती येते, व त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी लागते. अष्टमीच्या आसपास पाणी बेताने चढते, त्यास भांग म्हणतात. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास ते सर्वांत वर येते, त्यास उधाण म्हणतात. आता शहरी शिबिरार्थी चांदण्याच्या लोभाने नेमकी पौर्णिमा निवडतो, सायंकाळी पाचच्या सुमारास किनाऱ्यावर पोचतो, समुद्र शिस्तीने लांब गेलेला पाहून सुरूच्या बनाऐवजी मोकळ्या पुळणीवर गाडी आणतो, शेगडीभोवती खुर्च्या मांडतो, आणि साडेदहाच्या पुढे चाकांपाशी पाणी आले असता निसर्गाच्या लहरीपणाविषयी बोलू लागतो. वस्तुतः यात लहर काहीच नसून पंचांग आहे. ओल्या वाळूत चाक रुतल्यावर ते जितके फिरवावे तितके खाली जाते. तेव्हा गावातून ट्रॅक्टर येतो, आणि ट्रॅक्टरवाला दोर बांधताना ‘आज पुनव ना?’ एवढेच विचारतो.

कुत्र्याच्या समुद्रस्नानाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवून दिले की, ओले केसाळ प्राणी अंग झाडतात तेव्हा क्षणार्धात सुमारे ७० टक्के पाणी उडवितात आणि लॅब्राडोरसारखा कुत्रा हे सेकंदास साधारण चार-पाच हेलकाव्यांच्या गतीने साधतो. ही थरथर नाकापासून सुरू होते, कान गालांवर फटाफट आपटतात, मग खांदे, मग पाठ, आणि शेपटीचे टोक गाठेपर्यंत ती आटोपलेली असते. हे पाणी कोठे उडते, हे मात्र व्हॅनच्या गादीवर पाहावयास मिळते. स्नानानंतर कुत्रा वाळूत कोठेतरी सुकलेली मासळी शोधून तीवर पाठ घासतो, ही क्रिया त्यास मनापासून प्रिय असल्याने तीस इलाज नाही.

वेळास आणि आंजर्ले येथे त्यास मोकळे सोडणे तर गैरच होय. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे थंडीच्या दिवसांत या किनाऱ्यांवर वाळूत घरटे करून अंडी घालतात, कुत्री ती उकरून खातात, म्हणून तेथील कासवमित्र ही अंडी कुंपणाच्या आत हलवितात. सबब पाहुण्या कुत्र्याच्या गळ्यात सदैव दोरी हवी, आणि दोरीस दुसरे टोक असल्यामुळे तेथे मालक हवा. विश्रांतीचे बहुतेक तास या दुसऱ्या टोकास जातात.

रात्री गावची कुत्री हद्दीची चौकशी करण्यास येतात. पाहुणा आधी व्हॅनमध्ये शिरतो, मग सुरक्षित जागेवरून त्यांस सविस्तर उत्तरे देतो, आणि पहाटे गादीच्या बरोबर मधोमध आडवा होऊन घोरू लागतो, तेव्हा दोन्ही कडांवरील माणसे एकमेकांकडे न बघता जवळपासच्या घरगुती निवासाचा विषय काढतात. तेथील काकू कुत्र्यास मुळीच हरकत घेत नाहीत. मात्र आत येऊ पाहणाऱ्या पती-पत्नींस त्या उंबऱ्यावरच थांबवून, विहिरीवर पाय धुऊन येण्यास सांगतात.