फार्गोत कोणतं इंजिन बसवावं? (नवशिक्यांसाठी)

गोठ्यामागच्या लिंबाखाली आजोबांचा फार्गो ट्रक उभा आहे, त्याचं इंजिन जाम झालंय आणि आषाढीच्या आत तुम्हाला तो रस्त्यावर काढायचाय, असं गृहीत धरून पुढचं लिहिलं आहे. फार्गो नसून डॉज असला तरी हरकत नाही. दोन्ही प्रीमियर ऑटोमोबाइल्सनं क्रायस्लरच्या परवान्यावर बांधले, आणि ती कंपनी 1944 साली काढली वालचंद हिराचंदांनी. जंक्शन नावाच्या फाट्यावरून आत वळलं की त्यांच्याच नावाचं वालचंदनगर. त्यामुळे "आपल्या शेठचा ट्रक हाय" म्हणत एक तात्या मदतीला येतील. त्यांना चहा द्यावा, पाना देऊ नये.

पायरी पहिली. पेट्रोल की डिझेल, हा प्रश्न आपल्या अंथुर्णे गावाच्या स्टँडवर मोठ्यानं विचारू नये. पेट्रोलवरचा ट्रक पाहिलेली माणसं आता फार उरली नाहीत, आणि जी आहेत त्यांना दुसरं काम नाही. टेल्कोनं 1954 साली डेमलर-बेंझशी करार करून डिझेल ट्रक काढले, तिथून हा वाद देशाच्या पातळीवर मिटत गेला. जुन्या पेट्रोल ट्रकवाल्यांनी इंजिन उतरवून पर्किन्सचं पी-6 चढवलं. पर्किन्स मद्रासला सिम्पसनच्या कारखान्यात बनू लागलं होतं. म्हणजे तुम्ही जे करायला निघालात ते तुमच्या आजोबांच्या पिढीनं करून झालेलं आहे. तरी करा.

पायरी दुसरी. ट्रक काय वाहणार ते ठरवा. ऊस, असं उत्तर असेल तर इथेच थांबा. ऊस आता ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या जोडून नेतो, आणि पाठीमागे गाणी लावून नेतो. त्यात फार्गोला जागा नाही. राहिली दिंडी. तुकोबांची पालखी सणसरहून बेलवाडीचं रिंगण करत आपल्याकडे मुक्कामाला येते, तेव्हा दिंड्यांचे तंबू, भांडी, शिधा, अंथरुणं, सगळं ट्रकमध्येच असतं. पण हा ट्रक गर्दीत अडकला की माणसाच्या पावलानं चालतो, तासन् तास पहिल्या गिअरात. कमी फेऱ्यांवर जोर काढणं हे डिझेलचं खास काम. पेट्रोलचं इंजिन अशा चालीत तापतं, पाइपातच पेट्रोलची वाफ धरतं आणि नेमकं वीणेकऱ्याच्या पुढ्यात बंद पडतं.

पेट्रोलची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर पेट्रोलचाच हट्ट धरून बसलेला तुमचा पुतण्या रुसेल. इंजिन हलकं, आवाज मऊ, हवा सात पटीच्या आसपासच दाबायची असल्यानं हँडल मारूनही सुरू होतं. डिझेलला सोळा-सतरा पट दाब लागतो. तिथं हँडल मारायला पैलवान लागेल. शिवाय पुतण्या म्हणेल, आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल, म्हणजे आपल्याच उसाचं तेल! खरं आहे. फक्त इथेनॉलची ताकद लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी, ते पाणी ओढून घेतं आणि त्या काळच्या कार्बोरेटरचे, फ्युएल पंपाचे रबरी भाग त्याच्यासाठी बनलेले नाहीत. ऊस आपणच घालायचा, त्याचं इथेनॉल पंपावर आपणच विकत घ्यायचं आणि आपल्याच डायफ्रामला खायला घालायचं, हा सहकार पुतण्याला एकट्याला करू द्या.

दराचा मुद्दा मात्र जुना झाला. पेट्रोलवरचं सरकारी नियंत्रण जून 2010 मध्ये गेलं, डिझेलवरचं ऑक्टोबर 2014 मध्ये. त्याआधी दोन्हींत एवढी तफावत होती की तालुक्यातल्या पेट्रोल जीपांच्या पोटात मिळेल ते डिझेल इंजिन जात होतं. मॅटाडोरचं 2.4 लिटरचं तर जीपला छान बसायचं. तेच फार्गोला बसवा म्हणणारा मेस्त्री भेटला तर पळून या. तुम्हाला सहा सिलिंडरचं हवं: पर्किन्स, नाहीतर टाटाचं 697.

आता डिझेल ठरलं असं धरून चालू. इंजिन जड, म्हणून पुढच्या कमानीला एखादा पाटा वाढवा. हाउसिंग गिअरबॉक्सला जुळणार नाही, मध्ये लेथवर प्लेट बनवून घ्यावी लागेल. तिचं माप केसभर चुकलं तर क्लच महिन्यात जातो. डिझेलच्या फेऱ्या कमी, त्यामुळे जुन्याच क्राउन-पिनियनवर गाडी पूर्वीएवढी पळणार नाही. दिंडीत कुणाची तक्रार येणार नाही. किल्ली फिरवली की पेट्रोल बंद पडतं, कारण ठिणगी जाते. डिझेलला ठिणगीच नाही. पंपाचं डिझेल तोडणारी स्टॉपरची तार ओढायला विसरलात, तर किल्ली तुमच्या खिशात, तुम्ही हॉटेलात आणि फार्गो बाहेर धडधडत.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मेस्त्री सांगणार नाही, कारण तुम्ही विचारणार नाही. ब्रेक. व्हॅक्युमवर चालणारा ब्रेक बूस्टर असेल, तर तो पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्युम घेतो. थ्रॉटलची झडप मिटली की ते आपोआप तयार होतं. डिझेलला ती झडप नसते, म्हणून व्हॅक्युमही नाही. वेगळा व्हॅक्युम पंप बसवा, नाहीतर इंजिन बसवूच नका. अंथुर्ण्याच्या सपाटीवर ही उणीव कळत नाही. पालखीला गाठायला पाटसकडून यायचं झालं की वाटेत रोटी घाट आहे, आणि मागे भरलेली पातेली.

कागद मुद्दाम शेवटी ठेवले, आधी सांगितलं असतं तर इथवर वाचलं नसतंत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकानं दिलेल्याशी जुळला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये तेच पुन्हा बजावलं. सीएनजी, एलपीजी, बॅटरीच्या किटला कायद्यात वाट आहे. तात्यांच्या ओळखीच्या भंगारातलं पर्किन्स म्हणजे किट नव्हे. परस्पर केलेल्या प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, तुरुंगाचीही सोय आहे. तेव्हा इंजिन उतरवण्याआधी कपाटातली आरसी काढून इंधनाचा रकाना वाचा. आजोबांनी तेव्हाच बदल करून कागदावर चढवला असेल, तर तिथं डिझेल निघेल आणि पुतण्याचा प्रश्न मिटेल. पेट्रोल निघालं, तर एमएच-42 च्या बारामतीच्या कार्यालयात जाऊन आधी विचारा, मग पाना उचला.

आणि ट्रक लिंबाखालून ओढायला शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आत्ताच सांगून ठेवा. गळीत सुरू झालं की उन्हाळ्यापर्यंत तो कारखान्याचा.