घोड्याला पाठ दाखवून

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर फेब्रुवारीतल्या इंडियन डर्बीला जो थाट असतो, त्यात टोप्या, फॅशन, खाणेपिणे, संगीत सगळे असते, घोडेही असतात. प्रेक्षकांचा अनुभव सुधारायचा म्हटले की आयोजकांना सुचते ते मात्र घोडा सोडून बाकी सगळे. डर्बीची 2400 मीटरची धाव सुमारे अडीच मिनिटांत आटोपते आणि पुढच्या शर्यतीपर्यंतचा मोठा वेळ रिकामा राहतो. तो सेल्फीने भरायचा की शहाणपणाने, एवढाच प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये घोड्यांच्या शर्यतीला कौशल्याचा खेळ ठरवले. मग शर्यतीआधी पॅडॉकच्या रिंगणात फिरणाऱ्या घोड्यात काय पाहायचे, शर्यत बरोबरीची व्हावी म्हणून घोड्यावर लादायचे हँडिकॅपचे वजन कसे ठरते, हे नवख्याला मराठीत सांगायला कोणाची हरकत आहे?

कोणी म्हणेल, झगमगाटाशिवाय तरुण फिरकणार नाहीत आणि शर्यती भरवणारा क्लब चालतो तो पैजांवर, शिकवण्यांवर नव्हे. पहिले खरे आहे, पण झगमगाटासाठी आलेल्याला उद्या मॉल जवळ पडतो. दुसरे म्हणाल, तर 2025 मध्ये पैजेच्या पूर्ण रकमेवरचा जीएसटी 28 वरून 40 टक्क्यांवर गेला. तेव्हा केवळ पैजेसाठी येणाऱ्याला बेकायदा बुकीचा फोन स्वस्त आणि सोयीचा वाटला तर नवल नाही. बुकी पॅडॉक दाखवू शकत नाही. क्लब दाखवू शकतो, पण सध्या पॅडॉकच्या वाटेत बहुधा एखादा फूड स्टॉल असतो.