सुई तिच्या हातात द्या

ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमधल्या औषधाच्या दुकानापाशी थोडा वेळ उभे राहा. इन्सुलिन मागणारा खणखणीत आवाजात मागतो. गर्भनिरोधक इंजेक्शन मागणारीचा आवाज घशातच राहतो आणि तिची वस्तू काळ्या पिशवीत जाते.

सुई दोन्हीकडे आहे. लाज एकीकडेच का?

ग्वाल्हेरच्या मराठी घरांत आजोबा रोज पोटाची चिमूट धरून इन्सुलिन टोचून घेतात आणि मग नाश्त्याला बसतात. त्यांचा हात बसला. मग सुनेनं तीन महिन्यांतून एकदा स्वतःच्या मांडीत टोचलं तर तिला जमणार नाही, हे कुणी ठरवलं?

हे गर्भनिरोधक इंजेक्शन इतकं सोपं केलंय की शिकवलं तर घरी घेता यावं. प्लास्टिकची इवलीशी कुपी, आत 104 मिलिग्रॅम औषध, पुढे जेमतेम सेंटिमीटरभर सुई. हलवायचं, टोपण दाबायचं, चिमूट धरायची, सुई टोचून कुपी पाच-सात सेकंद सावकाश दाबायची.

झालं!

जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्येच असं स्वतः टोचून घेण्याला हिरवा कंदील दाखवला. मलावीतल्या अभ्यासात स्वतः टोचून घेणाऱ्या शंभरातल्या 73 जणींनी वर्षभर इंजेक्शन चालू ठेवलं, दवाखान्यात जाणाऱ्यांपैकी 45 जणींनी.

कारण कळायला अभ्यास कशाला हवा? आपल्याकडे 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन 2017 पासून सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. पण दर तीन महिन्यांनी दवाखाना म्हणजे दर तीन महिन्यांनी घरात तोच सवाल: कुठे निघालीस?

भीती मात्र खोटी नाही. 1985 मध्ये हैदराबादजवळ पाटनचेरूला, हा प्रयोग आहे हे धड न सांगता बायकांना असं इंजेक्शन द्यायला घेतलं होतं. स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, बरंच झालं. शिवाय या इंजेक्शनानं पाळी बिघडते किंवा थांबते, हाडांची घनता घटते, बंद केल्यावर दिवस राहायला काही महिने जातात, एचआयव्हीपासून संरक्षण नाही. आशा दीदीनं हे सगळं आधी सांगायला हवं, टोचल्यावर नव्हे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा पाचवा अहवाल बघा. स्त्री नसबंदी 37.9 टक्के, पुरुष नसबंदी 0.3. इंजेक्शन एक टक्कासुद्धा नाही. ओझं तिचंच, मग मुखत्यारी दुसऱ्याची कशी?

पुढची तारीख तेरा आठवड्यांनी. दुधाचे खाडे मांडायचं कॅलेंडर स्वयंपाकघरात लटकलेलंच आहे. त्यावर तिला एक गोल करू द्या.