करारी गृहस्थ

कुठल्याही सोसायटीत एक घर असं सापडतंच, की ज्याच्या फ्रिजच्या दारावर टोल-फ्री नंबरांच्या स्टिकरांची दाटी असते. तिथे करारी गृहस्थ राहतात. वॉटर प्युरिफायर, एसी, चिमणी, इन्व्हर्टर, गिझर, घरात जे जे विजेवर चालतं ते ते एएमसीत, म्हणजे वार्षिक देखभालीच्या करारात. मुलीची जन्मपत्रिका ऐन वेळी सापडणार नाही, पण गिझरच्या मागच्या सर्व्हिसची गुलाबी पावती रेक्झिनच्या फायलीतून अर्ध्या मिनिटात हजर होते. लोक यांना भित्रे म्हणतात, कुणी उधळे म्हणतात. दोन्ही अन्याय आहेत. हिशेबाला ते पक्के असतात. आपण दुरुस्ती विकत घेतोय असं त्यांना वाटतं. पदरात पडतो तो रागावण्याचा हक्क. प्युरिफायरपुरता हा सौदा एक वेळ पटेल, कारण त्याचे फिल्टर बदलावेच लागतात. गिझरच्या बाबतीत मात्र तो बहुतेकदा आतबट्ट्याचा आहे.

गिझरच्या पोटात बिघडण्याजोगं असतं तरी काय? दोन किलोवॉटचं एलिमेंट, पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा थर्मोस्टॅट, तो चुकला तर मदतीला येणारा कटआउट, टाकी वाचवण्यासाठी स्वतः झिजणारी मॅग्नेशियमची कांडी आणि जादा दाब बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह. संपली यादी. यातला कुठलाही भाग जाणकार माणूस एका फेरीत बदलून जातो. खरा घात करतात ते पाण्यातले क्षार. पाणी जितकं जास्त तापवावं तितका त्यांचा थर एलिमेंटवर जाड बसतो; मग उष्णता पाण्यापर्यंत पोचत नाही आणि एलिमेंट आतल्या आत जळतं. गृहस्थ मात्र बटण कायम शेवटच्या टोकाला ठेवतात आणि त्या कढत पाण्यात निम्मं गार पाणी मिसळून अंघोळ करतात. बटण 50-55 अंशांवर आणलं तर क्षारही कमी बसतील आणि वीजबिलही उतरेल. पण या उपायाला सही-शिक्का लागत नाही, म्हणून त्यांचा त्यावर भरवसा नाही.

करार झाला की गृहस्थ खुलतात. पाणी तापताना फुगतं. 15 लिटरच्या टाकीतलं 20 अंशांचं पाणी 60 अंशांवर गेलं की जवळजवळ पाव लिटरने वाढतं आणि मागे जायला वाट नसली की व्हॉल्व्हमधून ठिबकतं. ते व्हॉल्व्हचं कामच आहे, पण गृहस्थ त्याचीही तक्रार नोंदवतात. टेक्निशियन स्टुलावर चढतो, व्हॉल्व्हखाली बोट धरतो आणि म्हणतो, "काका, हे नॉर्मल आहे." काका खालून बॅटरीचा झोत धरून उभे. "आलाच आहेस तर उघडून बघ ना." उघडणं होतं, चहा होतो, पण तक्रार बंद करायचा ओटीपी काकांच्या मोबाइलवर असतो. निवृत्तीनंतर एवढी सत्ता दुसरीकडे कुठे मिळणार? आता तिचं मोल पाहा. समजा, करार वर्षाला 1500 रुपयांचा आहे. 18 टक्के जीएसटी धरून 1770, पाच वर्षांचे 8850. एवढ्यात बाजारात नवा गिझर मिळू शकतो. शिवाय टाकीला अनेक कंपन्या 5 ते 7 वर्षांची वॉरंटी मुळातच देतात. ती संपून टाकी गळू लागली, की करारपत्राच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत 'टाकी वगळून' असं छापलेलं निघतं. ज्या बिघाडाने गिझर भंगारात जातो, नेमका तोच करारात नसतो.

कुणी म्हणेल, बोअरवेलच्या आणि टँकरच्या पाण्यावर जगणाऱ्या उपनगरांत हा हिशेब चालणार नाही. खरं आहे, तिथे वर्षातून एकदा टाकी उघडून क्षार काढायलाच हवेत आणि कांडीही तपासायला हवी. पण त्या एका फेरीचे पैसे फेरीपुरते देता येतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: मुलं परदेशी, घरात दोघंच म्हातारी माणसं, ओळखीचा इलेक्ट्रिशियन फोन उचलत नाही. अशा घरात करार म्हणजे कुणीतरी येईल याची हमी, आणि तिचे चार पैसे जास्त गेले तर बिघडलं नाही. तिथे करार जरूर घ्यावा. बाकीच्यांनी सही करण्याआधी करारपत्र उलटं करून काय काय वगळलं आहे ते आधी वाचावं. त्यात टाकीचं नाव दिसलं, तर पेन खिशात ठेवावं आणि ती रक्कम दर वर्षी बँकेत टाकावी. गिझर जाईल तेव्हा नव्याचे पैसे तयार असतील.