डिझेल की पेट्रोल?

बदलापूरकर गाडी घ्यायला निघाला की आधी कागद-पेन्सिल घेऊन बसतो. डिझेलची गाडी लिटरमागे जास्त पळते, पण घेताना महाग. रोजचं धावणं मोठं असेल तरच वरचे पैसे वसूल. अंबरनाथ, उल्हासनगर करत कल्याण गाठण्याला ‘धावणं’ म्हणायचं असेल, तर खुशाल डिझेल घ्या!

ऑक्टोबर २०१४ मध्ये सरकारने डिझेलचे दर मोकळे सोडले, स्वस्ताईची मजा आटली. एप्रिल २०२० मध्ये धुराचे बीएस-६ नियम आले. मारुतीने डिझेल मोटारींना रामरामच ठोकला. उरलेल्यांच्या धुराच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर बसला. त्यातली काजळी नीट जळायला गाडी काही वेळ सलग वेगात पळावी लागते. तो वेग काटई नाक्याच्या कोंडीत कुठून आणायचा?

कंपनी सांगते ते मायलेज प्रयोगशाळेत, रोलरवर मोजलेलं. तिथे चाकं फिरतात, गाडी जागेवर. आमच्याकडे फक्त इंजिन फिरतं, गाडी जागेवरच. निम्मं तरी जुळतंय, तक्रार कशाची?

शेवटी शहाणा माणूस गाडी घेतो, कव्हर घालून सोसायटीत उभी करतो आणि सकाळची फास्ट लोकल पकडतो. ती ना डिझेलवर चालते ना पेट्रोलवर. दारात लटकणारा मात्र स्वतःच्या हिमतीवर जातो.