बरखेड्याचे सरोवरपारखी

भोपाळच्या पूर्व अंगाला असलेले बरखेडा हे 'भेल'च्या, म्हणजे भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कारखान्याच्या वसाहतीचा भाग असून, 1956 साली या उद्योगाचा पाया घातला गेल्यानंतर नोकरीनिमित्त तेथे स्थायिक झालेल्या मराठी मंडळींमध्ये अलीकडे एक विशेष प्रकारचा निवृत्त गृहस्थ आढळू लागला आहे, ज्याला सरोवरपारखी म्हणणे योग्य ठरेल. पाण्याच्या जोरावर फिरणारी टर्बाइने घडवण्यात हयात घालवलेला हा गृहस्थ, मुलगी मिलानला नोकरीस असल्यामुळे, उत्तर इटलीतील माज्जोरे सरोवर पाहून येतो, आणि भोपाळच्या बड्या तालाबापुढे ते कितपत टिकले याचा निकाल सोबत आणतो.

निकाल अर्थातच विमानात बसण्यापूर्वीच लागलेला असतो, कारण भोपाळ ताल तेवढा ताल आणि बाकीची सगळी डबकी, ही तेथील म्हण त्याच्या अंगी मुरलेली असते. माज्जोरेचे क्षेत्रफळ सुमारे 212 चौरस किलोमीटर व बड्या तालाबाचे 31च्या आसपास, हे जावयाने नम्रपणे निदर्शनास आणले, की तो क्षेत्रफळ सोडून कर्तृत्वाकडे वळतो. इटलीतले सरोवर हिमनदीने, म्हणजे डोंगरावरून संथपणे सरकणाऱ्या बर्फाच्या प्रचंड थराने, कोरून दिलेले असल्याने तेथील लोक आयत्या बिळावरचे नागोबा ठरतात, तर अकराव्या शतकात राजा भोजाने नदीला बांध घालून तालाब उभा केला, असे परंपरा सांगते. आणि परंपरा आपल्या बाजूची असली की तिला पुरावा मागण्याची पद्धत नाही.

स्ट्रेसा गावाहून बोटीने गाठायच्या बोर्रोमेओ बेटांवरही त्याची दृष्टी बदलत नाही. इझोला बेल्ला या बेटावर बोर्रोमेओ घराण्याने सतराव्या शतकात उठवलेला प्रासाद आणि पायऱ्यांसारखी चढत जाणारी दहा सज्जांची बाग पाहून पत्नी पांढऱ्या मोरांची छायाचित्रे काढीत असते, तेव्हा हा सर्वांत वरच्या सज्जावर पाणी कसे चढवले असेल या विवंचनेत असतो. इझोला माद्रेवर मात्र तो खऱ्या अर्थाने रमतो. तेथील 'काश्मिरी सुरू' नावाचा जुना वृक्ष (नावात काश्मीर असले तरी मूळ पूर्व हिमालयातला) 2006च्या वादळात उन्मळून पडला असता, तो पुन्हा उभा करून पोलादी तारांनी ताणून धरण्यात आला. या तारांचा ताण बोटाने टिचकी मारून तपासण्याची इच्छा त्याला आवरत नाही, आणि रखवालदाराला ती कळत नाही. कोळ्यांचे म्हणून ओळखले जाणारे तिसरे बेट, घरात मासे वर्ज्य असल्याने, चहापुरते उरकले जाते.

सहलीचा खरा कळस त्याने नकाशात शोधून ठेवलेला असतो. सरोवराच्या दक्षिण टोकाला, तिचिनो नदी बाहेर पडते तेथे, मियोरीना हा पाण्याची पातळी राखणारा बंधारा 1943पासून कार्यरत असून, आइस्क्रीमसाठी ताटकळलेली नातवंडे सोबत घेऊन तो त्याची दारे मोजतो आणि अखेर यांनाही बांध घालावाच लागला, अशा समाधानाने परततो.

त्यानंतर पुण्याहून आलेल्या प्रत्येक पाहुण्याला बोट क्लबवर नेऊन, बड्या तालाबाकडे पाठ करून, माज्जोरेचे वर्णन ऐकवले जाते. पाहुण्यासमोर तालाबातले तकिया बेट दिसत असते, ज्यावर एका सुफी संताची मजार आहे आणि जेथे सबंध नोकरीच्या काळात त्याचे पाऊल पडलेले नाही. पाहुण्याने त्याविषयी विचारलेच, तर तो पांढऱ्या मोरांच्या खुराकाकडे वळतो.