फावडं दप्तरी दाखल

कयाधू नदीच्या काठी आम्ही आठ जण दर रविवारी सकाळी कचरा उचलायचो. दोन फावडी, तीन घमेली, सगळं घरचं. त्यातलं एक फावडं शेजाऱ्याचं. खर्च म्हणाल तर चहाचा, तोही आळीपाळीने. बरं चाललं होतं. मग एका जाणकाराने विचारलं, "तुमचं रजिस्ट्रेशन झालंय का?"

तिथून आमची प्रगती सुरू झाली.

1860 च्या संस्था नोंदणी कायद्याला किमान सात सभासद लागतात. आम्ही आठ, म्हणजे सात पदाधिकारी आणि एक कार्यकर्ता. त्यानेही पहिल्याच सभेत सहसचिवपद पदरात पाडून घेतलं. पुढे 1950 चा विश्वस्त कायदा, धर्मादाय कार्यालयाच्या खेपा, पॅन, बँक खातं, ऑडिट, 12अ, 80जी. कंपन्यांच्या सीएसआरसाठी आणखी एक फॉर्म. शिक्का गोल की लंबगोल, यात दोन रविवार गेले. सभा नदीकाठी घेता येईना. वाऱ्याने इतिवृत्त उडतं.

याच कयाधूच्या काठावर नामदेवांचं नर्सी. तिथले नामदेव पार पंजाबात घुमानपर्यंत गेले, त्यांची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात गेली. प्रस्ताव कुणी दाखल केला होता, विचारायचं राहूनच गेलं.

पैसा लागतच नाही, असं मी म्हणणार नाही. गाळ काढायचा तर पोकलेन हवं आणि डिझेलवाला पुण्यावर डिझेल देत नाही. लोकांचा पैसा घेतला की हिशेबही आलाच. विनोबांनी मात्र 1956 साली पळणीला भूदानाच्या समित्याच मोडल्या, गांधी स्मारक निधीची मदतही थांबवली. तंत्रमुक्ती आणि निधिमुक्ती! त्यानंतर बरेच कार्यकर्तेही पांगले, तो भाग वेगळा. आमच्या खजिनदाराला हे उदाहरण फार पटलं. निधीतून मुक्त व्हायचं तर आधी निधी हवा, असं त्याचं म्हणणं.

म्हणून पहिला प्रस्ताव तयार झालाय. 'फावडी, नग 2', सोबत तीन दुकानांची दरपत्रकं. नदीवर हल्ली कुणी जात नाही. फोटोपुरते गेलो होतो, बॅनर धरायला चार जण लागले.

परवा शेजारी फावडं मागायला आला. ते जडसंग्रह नोंदवहीत चढलंय. परत द्यायचं तर सर्वसाधारण सभेचा ठराव लागेल, आणि सभेला गणपूर्ती होत नाही.